वायर लावलीय, तरीही!

घरातला कॉम्प्युटर वायफायवर नाही, थेट वायरवर चालतो, हे सांगताना माणसाच्या आवाजाला एक वेगळंच वजन येतं. वायफायवाले म्हणजे हवेवर जगणारी, बेभरवशाची जमात. वायरवाल्याचं तसं नाही. त्याच्या केबलचं एक टोक राउटरमध्ये, दुसरं कॉम्प्युटरच्या पाठीत, आणि मधला सगळा मार्ग त्याने स्वतः आखलेला असतो. सोफ्यामागून निघायचं, दाराच्या चौकटीवरून वळसा घ्यायचा, देव्हाऱ्याला उजवी घालायची आणि बेडरूमच्या दाराखालून आत शिरायचं. "हॉलमध्ये वायर दिसता कामा नये" या एकाच अटीवर घरून परवानगी मिळालेली असते, त्यामुळे वायर दिसत नाही. पुढे ती कुठे चेंगरतेय, हेही दिसत नाही.

अशा माणसाच्या स्क्रीनवर रात्री नऊ वाजता व्हिडिओ थांबतो आणि मधोमध ते चक्र गोल गोल फिरायला लागतं. हेही त्याने सोसलं असतं. पण नेमकं त्याच वेळी स्वयंपाकघरातून आईच्या फोनवरचं कीर्तन ऐकू येत असतं. वायफायवर. एकाही ठिकाणी न अडकता बुवा पूर्वरंग संपवून उत्तररंगात शिरलेले असतात. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. वायरवाल्याला व्हिडिओ थांबल्याचं दुःख नसतं, वायफाय सोकावल्याचं असतं.

आता खरं तर त्याने खाली वाकून वायर बघायला हवी. तो काय करतो? जिन्यात जातो आणि पहिला जो भेटेल त्याला विचारतो, "तुमच्याकडे नेट कसंय हो?"

हा प्रश्न आपल्या सोसायट्यांत कधीच वाया जात नाही. दुसऱ्या मजल्यावरचे काका लगेच सांगतात, "अहो, मागच्या बिल्डिंगचं काम चाललंय ना, त्यांनी फायबर दाबली असणार." तळमजल्यावरच्या काकूंच्या मते पावसामुळे असेल; महिना मार्चचा असतो, पण काकूंचं हवामान खातं स्वतंत्र आहे. वॉचमन "सगळ्यांचंच गेलंय साहेब" असं सांगून मोकळा होतो. त्याच्या या वाक्याने माणसाला जितका धीर येतो तितका तांत्रिक खुलाशाने कधी येत नाही. आपल्या एकट्याचं वाईट चाललेलं नाही, एवढं कळलं की मराठी माणूस निम्मा बरा होतो.

मग भाच्याला फोन जातो. भाचा हिंजवडीला असतो. तो काय काम करतो हे घरात कुणालाच नीट माहीत नसतं, पण ते कॉम्प्युटरवर करतो एवढं पुरेसं आहे. भाचा क्षणाचाही विचार न करता म्हणतो, "मामा, डीएनएस बदल. चार आठ टाक." हे चार आठ म्हणजे गूगलने २००९ साली सुरू केलेली सेवा. पुढे क्लाउडफ्लेअरने चार एक आणले, तेही २०१८ च्या १ एप्रिलला, आणि तरी ती थट्टा नव्हती. डीएनएसचं काम एवढंच, की आपण साइटचं नाव टाकायचं आणि त्याने तिचा अंकांमधला पत्ता शोधून द्यायचा. पत्ता सापडल्यानंतर व्हिडिओ कुठल्या वेगाने येणार याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. क्वचित तो जवळचा सर्व्हर सोडून लांबच्या सर्व्हरकडे पाठवतो, तेवढाच काय तो. पण मामाने आठ टाकले की पाच मिनिटं सगळं सुरळीत चालल्यासारखं वाटतं, आणि तेवढ्यात भाच्याचं नाव होऊन जातं.

कस्टमर केअरची पायरी यानंतरची. कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण संवाद सगळीकडे एकच आहे. "सर, राउटर बंद करून चालू केलात का?" केला. "पाच मिनिटं बंद ठेवला होता का, सर?" इथे माणूस चाचरतो, कारण पाच मिनिटं राउटर बंद ठेवण्याइतका संयम असता तर तो अडकत अडकत व्हिडिओही बघू शकला असता. गंमत अशी, की या उपायाने कधीकधी खरंच काम होतं. राउटर हाही एक छोटा कॉम्प्युटरच. महिनोन्‌महिने चालू राहिला की तोही भंजाळतो. आणि कधीकधी काम होतं म्हणूनच, का झालं, हे कुणी विचारत नाही. शेवटी पलीकडून सूचना येते, "सर, एकदा स्पीड टेस्ट करा." टेस्टमध्ये चौऱ्याण्णव येतं. "सर, तुमचं स्पीड तर एकदम व्यवस्थित आहे." फोन ठेवेपर्यंत तक्रारीचं निवारण झाल्याचा मेसेज येतो. चक्र फिरतंच आहे.

स्पीड टेस्ट या प्रकाराबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी सहज "आज नेट स्लो आहे का?" असं विचारलं, की उत्तरं येत नाहीत, स्क्रीनशॉट येतात. एकाला शंभर, दुसऱ्याला दोनशे, आणि काका सगळ्यात शेवटी, दबा धरून बसल्यासारखे, तीनशे टाकतात. खाली फक्त हात जोडलेली इमोजी. आता नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरे आणि फोर-केला १५. म्हणजे शंभरच्या जोडणीवर एका वेळी सहा फोर-के सिनेमे चालावेत. एवढे टीव्ही घरात नसतात आणि असले तरी रिमोटवरून भांडणं व्हायची ती होतातच. तीनशेचे धनी असलेले आमचे काका रोज बघतात काय, तर सकाळचं राशिभविष्य. तेही ४८० पी वर, कारण त्यांना "क्वालिटी" नावाचं बटण अजून सापडलेलं नाही.

शिवाय या टेस्टचा सर्व्हर पुष्कळदा आपल्याच नेटवाल्याच्या जाळ्यात किंवा त्याच्या शेजारी बसलेला असतो. त्यामुळे घरापासून नेटवाल्यापर्यंतचा रस्ता कसा आहे एवढंच त्यातून कळतं. त्याच्या पुढे व्हिडिओच्या सर्व्हरपर्यंत काय अवस्था आहे, हे त्या काट्याला ठाऊक नसतं. आणि रात्री आठ ते अकरा अख्खी वस्ती एकदम बघायला बसली की हाच पुढचा रस्ता तुंबतो. ते ओळखायची साधी युक्ती म्हणजे तोच व्हिडिओ पहाटे सहाला लावून बघणं. पहाटे पळतो आणि रात्री रखडतो, तर दोष नेटवाल्याचा. पहाटेही रखडतो, तर दोष घरातला. निवृत्त मंडळींना ही चाचणी सहज जमते, पण ते त्या वेळी मोकळी हवा खायला गेलेले असतात.

बिट आणि बाइटचा घोळ तर विचारूच नका. प्लॅन शंभरचा, आणि फाइल उतरवताना खिडकीत दिसतात बारा. "शंभर सांगून बारा देता?" म्हणून तावातावाने भांडणारे मी पाहिले आहेत. प्लॅन मोजतात बिटमध्ये, फाइल मोजतात बाइटमध्ये, आणि एका बाइटचे आठ बिट. शंभराला आठाने भागलं की साडेबारा. हिशेब चोख आहे, पण रागावलेल्या माणसाला भागाकार सांगू नये. सरकारचा हिशेब आणखी निराळा. जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली. म्हणजे आपला फुल एचडी व्हिडिओ दर मिनिटाला अडकत असला, तरी आपण ब्रॉडबँडधारक नागरिक आहोत, हा दर्जा आपल्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमच्या कृपेने. तेव्हा टेलिफोनच्या तारेतून मोडेम किंचाळायचा आणि घरच्यांना फोन बंद ठेवावा लागायचा. पण व्हिडिओ अडकतो अशी तक्रार त्या काळात एकानेही केली नाही, कारण व्हिडिओच नव्हता. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ आला एप्रिल २००५ मध्ये, एकोणीस सेकंदांचा. सगळी दुखणी त्यानंतरची.

तर मुद्द्याचं. व्हिडिओ आपल्याकडे अख्खा येतच नाही. काही काही सेकंदांचे तुकडे येतात. पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी थोडं थोडं वाढत जातो आणि आपण जेवत जातो. पानात चार घास शिल्लक असेपर्यंत वाढपी आमटीवाल्याशी गप्पा मारत उभा राहिला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. पान रिकामं पडलं की मात्र आपण मान वर करून बघायला लागतो. तेच ते चक्र. हुशार वाढपी उशीर होतोय असं दिसलं की जिलबीऐवजी नुसता भात वाढतो. म्हणून चित्र मधेच धुरकट होतं आणि नायिकेचा चेहरा चौकटी चौकटींचा दिसतो, पण सिनेमा थांबत नाही.

पण पान भरलेलं आहे आणि पाहुण्याला चावताच येत नाही, असंही होतं! जुन्या कॉम्प्युटरचं हे दुखणं मोठं आहे आणि वाढप्याला त्यात फुकट शिव्या बसतात. यूट्यूबचे फोर-के व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने बांधलेले येतात. २०१६-१७ च्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांत हे गाठोडं उलगडण्याची पुरेशी वेगळी सोय नाही. मग बिचारा प्रोसेसर अंगमेहनतीने उलगडत बसतो. पंखा घोंघावतो, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू शंभर टक्क्यांना टेकतो आणि चित्र ठेचकाळत चालतं. इथे चक्र फिरत नाही, हे लक्षात घ्या. चक्र फिरलं तर वाढपी. आवाज सलग आणि चित्र ठेचकाळलं तर दात.

हे कळायला भाचा लागत नाही. यूट्यूबच्या व्हिडिओवर उजवं क्लिक करायचं, यादीत सगळ्यात खाली "स्टॅट्स फॉर नर्ड्स" असतं, ते दाबायचं. काळ्या पाटीवर आकडे उमटतात. त्यात "बफर हेल्थ" म्हणजे पानात किती सेकंदांचं शिल्लक आहे ते. आणि "फ्रेम्स"च्या ओळीत "ड्रॉप्ड" म्हणजे किती घास सांडले. बफर भरपूर आणि ड्रॉप्डचा आकडा चढता, तर नेटवाल्याला फोन करू नका. क्वालिटी १०८० वर आणा, ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू आहे का बघा आणि गप्प सिनेमा बघा. इतकी उघड माहिती कंपनीने स्वतः देऊन ठेवली आहे, आणि माणसं वॉचमनला विचारतात.

क्रिकेटचा सामना नेटवर बघणाऱ्यांचं दुःख मात्र या पाटीवर दिसत नाही. शेजारी डिशवर बघत असतात. ते "आउट!" म्हणून ओरडतात तेव्हा आपला बोलर अजून मागे वळून धाव घ्यायला निघालेला असतो. यात काहीही बिघडलेलं नाही. थेट प्रक्षेपणाचे तुकडे पाडून, बांधून पाठवायला वेळ लागतो, म्हणून नेटवरची मॅच टीव्हीच्या मागेच धावते. याला वायर बदलून, राउटर बदलून, डीएनएस बदलून इलाज नाही. शेजारी बदलता आला तर बघा.

आता आईच्या कीर्तनाकडे वळू, कारण या खटल्यातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे आणि तो कुणी तपासत नाही. कीर्तन त्याच राउटरवरून, त्याच नेटवाल्याकडून, त्याच वेळी येतंय आणि अडकत नाहीये. म्हणजे मागच्या बिल्डिंगचं खोदकाम निर्दोष, पाऊस निर्दोष, कस्टमर केअरही (नाइलाजाने) निर्दोष. संशयित उरले दोन: कॉम्प्युटर आणि ती देव्हाऱ्याला उजवी घालून गेलेली वायर. पण वायरवर संशय घ्यायला वायरवाला तयार नसतो. वायर कशी बिघडेल? ती तर वायर आहे!

त्याला एकच काम सांगावं. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून राउटरच्या पत्त्यावर पिंग मारायचा. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो आणि तो राउटरच्या बुडाला छापलेला असतो. उत्तरं एक मिलिसेकंदाच्या आत यायला हवीत आणि एकही हरवता कामा नये. शंभरांत पाच-सहा हरवत असतील, तर चोर घरातच आहे; तुम्ही आतापर्यंत संन्याशाला फाशी देत होतात.

केबलच्या पोटात आठ तारा असतात, दोन-दोन पिळलेल्या, नारिंगी, हिरव्या, निळ्या, तपकिरी आणि त्यांच्या पांढरट जोडीदारणी. हजार एमबीपीएसला आठही लागतात. शंभरला नारिंगी आणि हिरव्या जोडीतल्या चार पुरतात. या चारच पुरतात हे कळल्यावर आपल्याकडच्या काही काटकसरी कारागिरांनी एकाच केबलच्या चार-चार तारांत दोन घरं जोडून दिल्याचीही उदाहरणं आहेत. तपकिरी तार पूर्ण तुटली तर जोडणी बहुतेक वेळा हजारावरून शंभरावर घसरते. त्याने व्हिडिओला फरक पडत नाही, काकांच्या स्क्रीनशॉटला पडतो. खरा घात करते ती अर्धवट तुटलेली तार. दार लागलं की चिकटते, उघडलं की सुटते. तुकडे वाटेत गळतात, ते पुन्हा मागवावे लागतात. पाठवणाऱ्या सर्व्हरची समजूत होते की रस्त्यात गर्दी आहे, आणि तो सभ्यपणे आपला वेग कमी करतो. आपण इकडे त्याला शिव्या घालत असतो.

आमच्याकडे येणारा नेटवाला मुलगा हा तपास दीड मिनिटात उरकतो. बोलत नाही. पाठीवरच्या सॅकमधून टेस्टर काढतो, त्याचे दोन तुकडे करून केबलच्या दोन टोकांना लावतो. दोन्हीकडे आठ-आठ हिरवे दिवे; एकामागून एक लुकलुकायला लागतात. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि सहावा आला की पलीकडे अंधार. मग सातवा, आठवा. सहावा म्हणजे हिरवी तार. तो बोटाच्या चिमटीत केबल धरून भिंतीच्या कडेने चालत जातो, बेडरूमच्या दारापाशी थांबतो आणि दाराखाली चपटी झालेली जागा अंगठ्याने दाबतो. टेस्टरवरचा सहावा दिवा लागतो. अंगठा काढला की विझतो. घरातले सगळे ते बघायला जमलेले असतात आणि मालक म्हणतात, "मला वाटलंच होतं."

मग तो केबल कापतो, वरचं साल दोन बोटं सोलतो, आठही तारा चिमटीने सरळ करतो. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हा क्रम त्याला शुभंकरोतीसारखा पाठ आहे. सगळ्यांची टोकं एका रेषेत छाटून कनेक्टरमध्ये सारतो आणि क्रिम्पिंग टूल दाबतो. कट्‌ असा आवाज होतो. "दार टाळून न्या," एवढंच बोलतो आणि निघतो. त्याला चहा विचारेपर्यंत तो पुढच्या इमारतीत पोचलेला असतो.

दुकानात नवी केबल घ्यायला गेलात तर एक बघा. स्वस्त केबलमध्ये तांबं नसतं, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. दोनदा वाकवली की मोडते. दुकानदार "कॉपरच आहे साहेब" म्हणेल. टोक नखाने किंवा ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर ठेवून या. कॅट सिक्स कशाला, कॅट फाइव्ह-ई सुद्धा घरातल्या अंतराला हजारच्या वेगाने आरामात चालते. शंभर मीटरची मर्यादा असते, आणि आपल्या वन-बीएचकेत शंभर मीटर अंतर सापडत नाही. राउटर मात्र तपासून घ्या. अजूनही स्वस्त राउटरांच्या मागच्या भोकांचा वेग शंभरच असतो, त्यामुळे दोनशे-तीनशेच्या प्लॅनवर वायफाय पुढे आणि वायर मागे असा उलटा न्याय होतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटखाली "लिंक स्पीड" लिहिलेलं असतं, तिथे खरं काय ते कळतं. ऑफिसचा व्हीपीएन चालू ठेवून घरी सिनेमा बघणाऱ्यांना मी काही सांगणार नाही. त्यांचा व्हिडिओ आधी ऑफिसला हजेरी लावून येत असतो.

राहता राहिली ती काढलेली जुनी केबल. ती मीटरभर गुंडाळून, रबर बँड लावून माळ्यावरच्या पिशवीत टाकायचा मोह प्रत्येक घरात होतो. त्या पिशवीत आधीच तीन जुने चार्जर, एक मोडेम आणि कशाची हे कुणालाच आठवत नसलेली एक पिन असते. टाकू नका. दोन वर्षांनी घरातलंच कुणीतरी माळ्यावर चढेल, "ही चांगली केबल पडलीय की!" म्हणून खाली आणेल आणि नव्या टीव्हीला लावेल. त्यामुळे एवढी विनंती आहे: जुनी केबल टाकण्याआधी कात्रीने मधोमध कापा. दोन ठिकाणी कापलीत तर उत्तम.